किल्ला आणि किल्ली

परवा रात्री साडेअकराला आमच्या बैठकीच्या खोलीत एक किल्ला पुरा झाला. धाकट्या भावाने आमच्या चिरंजीवांना दिलेला हा लेगोचा मध्ययुगीन युरोपी किल्ला. ४,५१४ तुकडे, २२ बाहुल्या आणि उचलता पूल! पुस्तिकेबरहुकूम तो उभारायला मला चौदा रात्री लागल्या. ‘मला’ अशासाठी, की चिरंजीवांकडे काम होते ते तुकडे शोधून देण्याचे.

किल्ला काचेच्या कपाटात ठेवून मी कुलूप लावले. सकाळी पाहतो तो चिरंजीव काचेला नाक लावून उभे!

“बाबा, याच्याशी खेळायचं कधी?”

“अरे, मोडेल ना!”

“मोडला तर पुन्हा लावू की!”

मी निरुत्तर झालो. शब्दांची व्युत्पत्ती शिकविणे हा माझा धंदा. ‘छान खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांपासून ‘लेगो’ झाला, हे मला ठाऊक होते. १९५८ सालची वीटही आजच्या विटेत घट्ट बसते आणि ओढली की सुटते. सुटणे हाही तिचा गुणच! लहानपणी दिवाळीत आम्ही मातीचा किल्ला करीत असू. तो कुणी कपाटात ठेवला होता?

मी किल्ली चिरंजीवांच्या हाती दिली. तासाभरात बुरूज ढासळले. संध्याकाळपर्यंत तिथे पुस्तिकेत नसलेला एक वेडावाकडा गड उभा राहू लागला.

“बाबा, मी लावतो. तुम्ही तुकडे शोधून द्या.”

मी मुकाट्याने कामावर रुजू झालो.