विद्यापीठ जप्त, प्रश्न कायम

निकाराग्वातील सेंट्रल अमेरिकन युनिव्हर्सिटी ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारजमा झाली, तेव्हा तेथे ना रणगाडे आले ना गोळीबार झाला. न्यायालयाने हे विद्यापीठ 'दहशतवादाचे केंद्र' असल्याचा ठपका ठेवला आणि त्याची सारी मालमत्ता शासनाच्या हवाली केली. आरोप निराधार असल्याचे विद्यापीठाने स्पष्ट केले. तथापि आठवडाभरातच जेझुइट धर्मसंघाची कायदेशीर मान्यताही रद्द झाली.

१९६० साली राजधानी मानाग्वात जेझुइटांनी स्थापलेले हे मध्य अमेरिकेतील पहिले खासगी विद्यापीठ. सोमोझा घराण्याच्या हुकूमशाहीविरुद्ध लढणाऱ्या सँडिनिस्टा चळवळीला येथूनच कार्यकर्ते मिळाले. खुद्द डॅनियल ओर्टेगा यांनी काही काळ येथे शिक्षण घेतले. १९७९ च्या क्रांतीनंतर १९८० मध्ये झालेल्या साक्षरता मोहिमेचे नेतृत्व केले ते फर्नांडो कार्देनाल या जेझुइट धर्मगुरूंनीच. मग ज्या अंगणात क्रांती वाढली, तेच अंगण क्रांतीच्या वारसदारांना का सलावे?

उत्तर २०१८ मध्ये सापडते. त्या वर्षी एप्रिलमध्ये सामाजिक सुरक्षा कायद्यातील बदलांविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर उतरले. पुढील दडपशाहीत तीनशेहून अधिक बळी गेले. ३० मेच्या मोर्चावर गोळीबार झाला, त्या वेळी विद्यापीठाने दरवाजे उघडून हजारोंना आश्रय दिला. सरकारशी झालेल्या राष्ट्रीय संवादात कुलगुरू नागरी पक्षाच्या बाजूने बसले. सत्तेच्या लेखी हाच अक्षम्य अपराध ठरला.

शिक्षेची रीत मात्र अभ्यासण्याजोगी आहे. उच्च शिक्षणासाठी अर्थसंकल्पाचा ६ टक्के वाटा आणि विद्यापीठांची स्वायत्तता यांची हमी तेथील राज्यघटनेनेच दिली होती. त्या निधीचा वाटा खासगी असूनही या विद्यापीठाला मिळत असे. २०२२ मध्ये कायदा बदलून त्याला विद्यापीठ परिषदेतून वगळण्यात आले. त्याच वर्षी परदेशातून परतणाऱ्या कुलगुरूंना देशात प्रवेश नाकारला गेला. आधी अनुदान, मग नेतृत्व आणि अखेरीस न्यायालयाचा आदेश असा हा क्रम होता.

शेजारच्या एल साल्वादोरमध्ये १६ नोव्हेंबर १९८९ रोजी सैनिकांनी जेझुइट विद्यापीठाच्या आवारात सहा धर्मगुरूंची, त्यांच्या स्वयंपाकीण बाईची आणि तिच्या मुलीची हत्या केली. ते विद्यापीठ आजही उभे आहे. बंदुकीला जे साधले नाही, ते मानाग्वात कागदाने साधले.

भारतात मुंबईच्या सेंट झेवियर्सपासून जमशेदपूरच्या एक्सएलआरआयपर्यंत जेझुइट संस्थांची परंपरा दीर्घ आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क देतो. परंतु निकाराग्वातही स्वायत्ततेची हमी घटनेतच होती. न्यायालय सत्तेच्या ओंजळीने पाणी पिऊ लागले की घटनेतील अक्षरे केवळ अक्षरेच उरतात, हा या प्रकरणाचा धडा होय.

जप्तीनंतर त्या जागी आलेल्या सरकारी विद्यापीठाला कासिमिरो सोतेलो यांचे नाव देण्यात आले. सोतेलो याच विद्यापीठातील विद्यार्थी नेते. १९६७ मध्ये सोमोझाच्या नॅशनल गार्डने त्यांचा जीव घेतला. बंडखोर विद्यार्थ्याचे नाव फाटकावर मिरवायचे आणि आजच्या विद्यार्थ्याला मात्र बंडाची मुभा नाकारायची, हा विरोधाभास त्या राजवटीला अद्याप जाणवलेला दिसत नाही.