‘आणि’ की ‘किंवा’?

नारायण पेठेत भाड्यानं राहायला आलात, की पहिला धडा ‘एक ते चार’चा. आमच्या गल्लीतले दुकानदार काका एकच्या ठोक्याला शटर ओढतात, चारच्या ठोक्याला उघडतात. म्हणजे बंदच्या वेळेत एक धरायचा, चार नाही. प्रोग्रामरच्या भाषेत, वेळ 13 किंवा जास्त ‘आणि’ 16 पेक्षा कमी. सोप्पं!

माझी रूममेट याच भरवशावर फसली. ऑफिसच्या पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये रात्री दहा ते सकाळी सहाचा नाइट अलाउन्स मोजायचा होता. हिनं लिहिलं, 22 किंवा जास्त ‘आणि’ 6 पेक्षा कमी. आता सांगा, असा आकडा आहे कुठे? महिनाअखेरीला रात्रपाळीतल्या एकालाही अलाउन्स नाही. घरभाडं थकलेल्या पोरांचे फोन थेट हिलाच!

मध्यरात्री घड्याळ शून्यावर येतं, तिथं खरी गोम. तिथं ‘किंवा’ हवं: दहानंतर किंवा सहाच्या आधी.

पण सरसकट ‘किंवा’ही नको हं. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार लाउडस्पीकरबंदीही रात्री दहा ते सहाच. गणपतीत मात्र सरकार काही दिवस बारापर्यंत सूट देतं. म्हणजे त्या रात्री बंदी 0 ते 6. इथं ‘किंवा’ लावलंत तर 0 च्या पुढची प्रत्येक वेळ बंदीत, अख्खा दिवस स्पीकर गप्प! केसरीवाड्याच्या पेठेत हे सांगून बघा.

म्हणून रूममेटनं आता आधी तपासायला लावलंय: सुरुवातीचा आकडा शेवटच्यापेक्षा मोठा आहे का? असेल तरच ‘किंवा’. थकलेला अलाउन्स पुढच्या पगारात आला. फोन थांबले.