नळाचे पाणी आणि अकाली वार्धक्य

पाण्यासाठी लढणे म्हणजे काय, हे आपल्या समाजास कोणी शिकविण्याची गरज नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना मोकळे झाल्याचे कागदावर लिहिले गेले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तोही कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी व त्यांच्यामागून हजारो बंधुभगिनींनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा कोठे त्या ठरावाला अर्थ आला. त्यानंतरही कोर्टकचेरी चालली आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात आपल्या बाजूचा अखेरचा निकाल लागला. ठराव आणि पाणी यांमध्ये केवढे अंतर असते, हा धडा आपण चौदा वर्षे गिरवून शिकलो आहोत.

तो धडा आज पुन्हा आठवण्याचे कारण असे की, नळ दारात आला म्हणजे पाण्याचा प्रश्न संपला, अशी समजूत वाढत चालली आहे. ही समजूत चुकीची आहे. पाण्याला हात लावण्याचा हक्क आपण मिळविला. परंतु त्या पाण्यात काय आहे, हे जाणण्याचा हक्क अद्याप आपण वापरलेला नाही.

योगायोग पहा. ज्या १९३७ साली महाडचा निकाल लागला, त्याच साली मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्याविषयी शॉर्ट व त्यांचे सहकारी यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. तेथील खेड्यांत धडधाकट शेतकरी व मजूर ऐन उमेदीत पाठीने ताठरत, गुडघ्यांत वाकत आणि शेवटी जागच्या जागी खिळून पडत. कारण विहिरीच्या पाण्यातच होते. खडकातून विरघळून आलेले फ्लोराइड पोटात जाऊन वर्षानुवर्षे हाडांत साठत होते. हाच तो फ्लोरोसिस. हा रोग नेल्लोरपुरता नाही. पूर्वीच्या आंध्रातील व आताच्या तेलंगणातील नळगोंडा जिल्हा त्यासाठी देशभर ओळखला गेला. आणि आपल्या महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ व नांदेड या जिल्ह्यांतील अनेक गावांच्या भूजलातही प्रमाणाबाहेर फ्लोराइड आढळले आहे.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे. दुसरा स्रोत नसेल तर फार तर १.५ मिलिग्रॅम चालेल. एवढ्या अल्प प्रमाणात ते दातांना उपकारकच असते. परंतु ही मर्यादा ओलांडली की तेच विष होते. आठ वर्षांच्या आतील मुलांचे कायमचे दात हिरड्यांखाली घडत असतात. त्यांवर खडूसारखे पांढरे ठिपके व पुढे तपकिरी पट्टे उमटतात. मोठ्यांच्या हाडांत व सांध्यांच्या बंधांत ते साठत जाते. प्रथम कंबर धरते, मग मान वळेनाशी होते, मग उकिडवे बसता येत नाही. चाळिशीतला माणूस सत्तरीचा दिसू लागतो. एकदा पाठ वाकली की ती पुन्हा सरळ करणारे औषध नाही. म्हणूनच यात खरा इलाज आधीचा आहे, नंतरचा नाही.

या पाण्याला रंग नाही, वास नाही, चवही वेगळी लागत नाही. ते उकळले तर फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटते आणि त्याचे प्रमाण वाढते. ग्रामपंचायतीचा कर्मचारी टाकीत टीसीएल पावडर टाकतो, त्याने रोगजंतू मरतात, पण फ्लोराइडला त्याचा स्पर्शही होत नाही. विहीर आटली म्हणून बोअर घेतली, बोअर आटली म्हणून आणखी खोल घेतली, असे करीत आपण जितके खडकात उतरतो तितका पाण्याचा त्या खडकाशी सहवास वाढतो, आणि अनेक ठिकाणी फ्लोराइडही वाढते. मग हेच बोअरचे पाणी टाकीत चढवून नळाने घरोघर दिले, तर नळ नवा झाला, पाणी मात्र तेच राहिले.

याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. भर उन्हात राबणारा मजूर सावलीत बसणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक पाणी पितो. म्हणजे विषही अधिक पितो. ज्याच्या ताटात दूध नाही, भाजीपाला नाही, त्याच्या शरीरात कॅल्शियम कमी, आणि अशा शरीरात हा रोग लवकर व जोराने पसरतो. ज्याच्या खिशात पैसा आहे तो यंत्र बसवितो किंवा जारचे पाणी विकत घेतो. म्हणजे एकाच गावात पुन्हा दोन पाणवठे झाले! पूर्वी जातीने वेगळे केलेले पाणी आता पैसा वेगळे करू लागला आहे, आणि पैसा कोणाकडे नाही हे सांगावयास नको.

सर्वांत अधिक खंत वाटते ती ही की, आपलीच माणसे या वाकलेल्या पाठीला नशीब म्हणतात. कोणी गावच्या पांढरीचा दोष म्हणतो, कोणी गेल्या जन्मीचे पाप म्हणतो, कोणी नवस बोलतो. ज्यांनी १९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर दैववादाचा त्याग केला, त्यांच्या वस्तीत ही भाषा शोभत नाही. जरा हे दुःख आहे, ती कोणालाही चुकत नाही, असे तथागतांनी सांगितले. परंतु प्रत्येक दुःखाला कारण असते आणि कारण दूर केले की दुःख दूर होते, हेही त्यांनीच सांगितले. निसर्गाने आणलेले वार्धक्य आम्ही शांतपणे स्वीकारू. सदोष पाणीपुरवठ्याने तीस वर्षे आधी आणलेले वार्धक्य आम्ही का स्वीकारावे?

उपाय माहीत नाही, असे कोणी म्हणू शकत नाही. नागपूरच्याच ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेने १९७५ च्या सुमारास तुरटी व चुना वापरून फ्लोराइड काढण्याची ‘नळगोंडा पद्धत’ विकसित केली. फ्लोराइड शोषून घेणारी गाळणीयंत्रेही आहेत. पावसाचे पाणी साठविणे आणि नदी वा धरणाचे शुद्ध केलेले पाणी आणणे हे तर सर्वांत खात्रीचे मार्ग. दुर्दैवाने पुष्कळदा यंत्र बसते, नारळ फुटतो, हार पडतात, आणि वर्षभरात गाळणीतले द्रव्य संपले तरी ते बदलण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. नळगोंड्याच्या जनतेने १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत पाण्याच्या प्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी अर्जांचा असा पाऊस पाडला की ४८० उमेदवार उभे राहिले व मतपत्रिका पुस्तकाएवढी छापावी लागली. मागितल्यावाचून काही मिळत नाही, हेच त्यांनी दाखवून दिले.

कायदा आपल्या बाजूस आहे. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक विहिरी व तलाव सर्वांना मोकळे केले. ४७ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरविले. आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी हा २१ व्या अनुच्छेदातील जीवनाच्या हक्काचाच भाग मानला. तथापि कायदा स्वतः चालत गावात येत नाही, हे महाडने आपल्याला शिकविले आहे.

म्हणून वाचकहो, कृती करा. येत्या ग्रामसभेत उभे राहा आणि विचारा: आपल्या नळाच्या पाण्याचा मूळ स्रोत कोणता? त्याची रासायनिक तपासणी केव्हा झाली? फ्लोराइडचा आकडा किती? तो आकडा तोंडी ऐकू नका, लेखी मागा, आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावयास सांगा. २०१९ साली घोषित झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची तरतूद आहे. त्या पाचांत आपल्या वस्तीतील भगिनी आहेत काय, हे पाहा. शाळेतील मुलांचे दात पाहा. ते तुमच्या गावच्या पाण्याचा पहिला अहवाल आहेत. पाणी दूषित निघाले तर पिण्यास व स्वयंपाकास दुसरे पाणी मिळेपर्यंत मागणी सोडू नका. आणि यंत्र बसलेच, तर ते कोण चालविणार व खर्च कोण करणार, हे त्याच दिवशी लिहून घ्या.

पंचायतीच्या दप्तरात ‘घरोघर नळ’ असे लिहिलेले असेल. ते वाचून समाधान मानू नका. आपल्या पूर्वजांनी ठरावावर समाधान मानले असते, तर चवदार तळ्याचे पाणी आपल्या ओठांपर्यंत कधीच पोहोचले नसते.