अल्लाहला विचारू नये का?

रमजानचा दुसरा अशरा सुरू आहे. मगफिरतचे, म्हणजे क्षमा मागण्याचे हे दहा दिवस. याच दिवसांत दरवर्षी मला अंबरनाथ पश्चिमेच्या एका चाळीतली दुपार आठवते. त्या दुपारी मी गप्प बसले होते. त्याची माफी मी अजून मागते आहे.

त्या बाईचा मुलगा तेवीस वर्षांचा होता. दादरला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला जायचा. मगरीबच्या आत घरी पोचावे, आईबरोबर इफ्तार करावी, म्हणून त्याने संध्याकाळची भरलेली लोकल दारात लटकून पकडली. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या माणसाला पुढचे सांगावे लागत नाही. पोलिसांच्या कागदावर ‘धावत्या गाडीतून पडून’ एवढीच ओळ होती. मुलगा रोजाने होता.

दुसऱ्या दिवशी घरात बायका जमल्या होत्या. यासीन शरीफचे पठण चालले होते. आई मधेच उठून बसली आणि वर बघून म्हणाली, “रोजा तुझ्यासाठीच धरला होता ना त्याने? तुझंच नाव घेऊन खजूर खायला घरी येत होता. मग का नेलंस?” शेजारच्या खालांनी तिच्या तोंडावर हात ठेवला. “तौबा कर बेटी, तौबा कर. असं बोललीस तर ईमान जाईल.” दुसऱ्या एकीने हदीस ऐकवली, की सब्र तोच, जो पहिल्या आघाताच्या वेळी केला जातो. आईने तौबा केली. मला त्या हदीसचा पुढचा-मागचा भाग माहीत होता, पण मी तोंड उघडले नाही. मयतीच्या घरात वाद नको, असे मनाला समजावले.

ती बाई आजही पाच वक्त नमाज पढते, तीसच्या तीस रोजे धरते. पण नमाज संपली की हात न उचलताच जानमाज गुंडाळून ठेवते. दुआ मागत नाही. मला एकदा म्हणाली, “विचारायचं नाही म्हणालात, मग मागायचं तरी कोणत्या तोंडानं?” ईमान वाचवायला निघालेल्या आम्ही बायकांनी तिचे अल्लाहशी बोलणेच बंद करून टाकले.

म्हणून यंदा हे लिहिते आहे. अल्लाहला प्रश्न विचारणे म्हणजे गुनाह, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. मला ते पटत नाही, आणि ज्या कुरआनच्या महिन्यात आपण आहोत तो कुरआनही तसे सांगत नाही, असे माझे मत आहे.

आधी ती हदीस. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे. एक बाई कबरीजवळ रडत होती. मुस्लिमच्या रिवायतीनुसार आपल्या मुलासाठी. प्रेषित मुहम्मद (स.) तिथून जात होते. अल्लाहचे भय राख आणि सब्र कर, असे त्यांनी तिला सांगितले. तिने त्यांना ओळखले नाही. तिने सरळ उत्तर दिले, की चालते व्हा, माझ्यावर आलेली मुसीबत तुमच्यावर आलेली नाही. प्रेषितांनी काय केले? ते निघून गेले. रागावले नाहीत, ईमानचा विषय काढला नाही, तोंडावर हात ठेवायला कुणाला पाठवले नाही. नंतर ते कोण होते हे कळल्यावर ती स्वतः त्यांच्या दारी आली. दाराशी पहारेकरी नव्हता. मी ओळखले नव्हते, असे ती म्हणाली, तेव्हा कुठे त्यांनी पहिल्या आघाताच्या सब्रची गोष्ट सांगितली. आपण शेवटचे वाक्य पाठ केले आणि त्याआधीचे वागणे सोडून दिले.

आता कुरआन. आदमला घडवण्याचा इरादा अल्लाहने सांगितला तेव्हा फरिश्त्यांनीच विचारले, की जमिनीवर फसाद करणारा, रक्त सांडणारा कशाला निर्माण करतोस (सूरह अल-बकरा : ३०). प्रश्न चांगलाच टोकदार होता, तरी एकाही फरिश्त्याला दरबारातून काढले गेले नाही. काढला गेला तो इब्लीस. त्याने तर साधी विचारपूसही केली नव्हती. मी याच्यापेक्षा श्रेष्ठ आहे, हा निकालच त्याने देऊन टाकला. विचारणारा आणि अकडणारा यांतला फरक या एकाच प्रसंगात दिसतो.

हजरत इब्राहीम (अलै.) यांनी विचारले, मेलेल्यांना तू जिवंत कसे करतोस ते मला दाखव. तुझा विश्वास नाही का, असे अल्लाहने विचारले. विश्वास आहे, पण मनाला तसल्ली हवी, असे ते म्हणाले (अल-बकरा : २६०). आणि त्यांना दाखवले गेले. हजरत जकरिया (अलै.) यांनी विचारले, या म्हातारपणी मला मुलगा कसा होईल? खौला बिंत सालबा ही तर साधी बाई. नवऱ्याने जिहार करून तिला टाकल्यासारखे केले, ती प्रेषितांशी वाद घालत राहिली आणि अल्लाहकडे गाऱ्हाणे करत राहिली. तिचे ऐकले गेले. त्या सूरहचे नावच अल-मुजादिला, म्हणजे वाद घालणारी, असे पडले.

याच्या विरुद्धची बाजूही कुरआनात आहे, ती लपवणे बरोबर नाही. सूरह अल-अंबियाच्या २३ व्या आयतीचा आशय असा, की अल्लाह जे करतो त्याचा जाब त्याला विचारला जाऊ शकत नाही, माणसांना मात्र विचारला जाईल. हजरत नूह (अलै.) बुडालेल्या मुलाबद्दल बोलले तेव्हा ज्याचे ज्ञान नाही ते मागू नकोस, अशी समज त्यांना मिळाली. आलिम मंडळी हेच दाखले देतात. मी आलिम नाही. पण मराठीत ‘जाब विचारणे’ आणि ‘विचारणे’ असे दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत, हे मला कळते. जाब वरचा खालच्याला विचारतो. आईने अल्लाहला विचारले ते काही वरून विचारलेले नव्हते. जमिनीवर बसून, पदर तोंडाशी धरून विचारले होते. आणि नूहना समज मिळाली तीदेखील उत्तर म्हणून. त्यांची पैगंबरी त्या प्रश्नाने गेली नाही.

सूरह अल-कहफ आपल्यापैकी अनेकजणी दर जुम्म्याला वाचतात. त्यात हजरत खिज्र अट घालतात, की मी स्वतः सांगेपर्यंत काही विचारायचे नाही. हजरत मूसा (अलै.) यांना ते जमत नाही. नाव फोडली तेव्हा त्यांनी विचारले, मुलाचा जीव गेला तेव्हा विचारले, भिंत फुकट बांधून दिली तेव्हाही बोलले. तिसऱ्या वेळी वाटा वेगळ्या झाल्या. पण वेगळे होण्याआधी खिज्रनी तिन्ही गोष्टींचा उलगडा केला. मात्र त्यातल्या मुलाच्या मृत्यूचे कारण उचलून कुठल्या आईला ऐकवायला जाऊ नये. ते ज्ञान खिज्रना दिले गेले होते. आपल्याला कुणी दिले?

शेजारी बघावे तर वारकऱ्यांची विठ्ठलाशी भांडणे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. जनाबाई त्याला चार शब्द सुनावते, दुष्काळात बायको-मूल गमावलेले तुकोबा त्याच्याशी तंटा मांडतात, आणि त्यांना कुणी नास्तिक म्हणत नाही. आपल्याकडे अल्लामा इक्बाल यांनी ‘शिकवा’ लिहिला तेव्हा मात्र गहजब झाला. १९१३ मध्ये त्यांनी ‘जवाब-ए-शिकवा’ लिहिल्यावर लोक शांत झाले. शिकवा नसता तर जवाब कशाचा लिहिला असता, असे मला नेहमी वाटते.

आणखी एक गोष्ट खटकते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली. हजाराहून अधिक प्रवासी सुखरूप बाहेर काढले गेले. त्या दिवशी ज्याने त्याने आपापल्या देवाचे आभार मानले. यांना का वाचवलेस, असे कुणी विचारले नाही आणि विचारायची गरजही नव्हती. पण सुटकेच्या वेळी अल्लाहचे नाव मोठ्याने घ्यायचे आणि मृत्यूच्या वेळी त्याच्याशी बोलायची बंदी, हे नाते कसले?

उलट जिथे प्रश्न विचारायलाच हवा तिथे आपण ‘अल्लाहची मर्जी’ म्हणून मोकळे होतो. २०२१ साली ईद १४ मेला झाली. दुसऱ्याच दिवशी उल्हासनगरच्या कॅम्प नंबर १ मध्ये मोहिनी पॅलेस इमारतीचे स्लॅब कोसळले. २८ मेच्या रात्री कॅम्प नंबर २ मध्ये आणखी एका इमारतीचा स्लॅब पडून सात जण गेले. मरणारे कोणत्या धर्माचे, हा मुद्दा नाही. नशीब, देवाची इच्छा, हे शब्द सगळ्यांच्याच तोंडी होते. नव्वदच्या दशकात निकृष्ट रेतीने घाईघाईत उभ्या राहिलेल्या इमारती यात मर्जी कुणाची? ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, चार जण त्याच दिवशी दगावले. गाड्यांमध्ये श्वास घ्यायला जागा नाही, हा सवाल अल्लाहकडे पाठवायचा नसतो, तो माणसांना विचारायचा असतो. माणसांना विचारायची हिंमत होत नाही म्हणून अल्लाहचे नाव पुढे करणे, मला तर ही खरी बेअदबी वाटते.

सूरह मरियम वाचताना मी एका जागी थांबते. प्रसूतीच्या कळांनी व्याकूळ झालेल्या हजरत मरियम खजुरीच्या बुंध्याशी म्हणतात, याआधीच मी मेले असते तर बरे झाले असते. एवढे निराशेचे उद्गार, तेही कुरआनने शुद्ध म्हणून गौरवलेल्या स्त्रीचे. त्यावर दटावणी नाही. दुःख करू नकोस, पायाशी झरा आहे, बुंधा हलव, ताजे खजूर पडतील, खा आणि पी, असा आवाज येतो. आधी पाणी आणि खजूर.

गेल्या शुक्रवारी मी त्या बाईकडे इफ्तारी घेऊन गेले. अजानला पाच मिनिटे होती. मी तिला कबरीजवळच्या त्या बाईची हदीस पहिल्यापासून सांगितली. इतक्या वर्षांनी. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “हे त्या दिवशी का नाही सांगितलंस?” माझ्याकडे उत्तर नव्हते. अजान झाली, तिने खजूर उचलला, पण तोंडात घालण्याआधी थोडा वेळ हातातच धरून ठेवला. तिचे ओठ हलत होते. काय म्हणाली ते मी विचारले नाही.