सुटे भाग, बांधलेला बाजार

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्गावर, शनिवारी दुपारी एक दृश्य हमखास दिसते. डोंबिवली-बदलापूरकडून लोकलने आलेला विशी-पंचविशीतला एखादा तरुण दुकानाच्या गल्ल्यापाशी उभा राहून खिशातून घडी घातलेला कागद काढतो. कागदावर आठ ओळी असतात : प्रोसेसर, मदरबोर्ड, मेमरी, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, पॉवर सप्लाय, कॅबिनेट, मॉनिटर. प्रत्येक ओळीपुढे किंमत लिहिलेली, काही किमती खोडून वर नव्या लिहिलेल्या. वर्ष-दीड वर्ष पगारातून बाजूला टाकलेल्या पैशांतून त्याला खेळ खेळण्यासाठी स्वतः जुळविलेला संगणक हवा आहे. तयार यंत्र विकत घेण्यापेक्षा भाग निवडून जुळविले तर त्याच पैशांत अधिक दणकट यंत्र मिळते आणि पुढे एकेक भाग बदलता येतो, हा त्याचा हिशेब. तो हिशेब २०२५ च्या पावसाळ्यापर्यंत तरी बरोबर होता.

चळवळीतल्या जुन्या कार्यकर्त्याला हा सारा प्रकार चंगळवादाचा वाटतो. रोजगार हमीच्या कामावर मजुरी वेळेवर मिळत नसताना साठ-सत्तर हजारांच्या खेळण्याची चर्चा कसली करायची, असे तो विचारतो. हा प्रश्न अप्रामाणिक नाही, पण अपुरा आहे. राष्ट्र सेवा दलाच्या शाखेवर संध्याकाळी पहिला अर्धा तास खेळाचाच असे आणि त्यात वेळ फुकट गेला असे कोणी म्हटले नाही. श्रम करणाऱ्याला विरंगुळ्याचा हक्क आहे, हे समाजवादाच्या पहिल्या धड्यांतले आहे. शिवाय ज्या यंत्रावर रात्री खेळ चालतो त्याच यंत्रावर दिवसा चित्रफितींचे संपादन होते, नकाशे आणि आराखडे काढले जातात, आणि कित्येकांची चूल त्यावर पेटते. तेव्हा खेळ हवा की नको हा मुद्दा बाजूला ठेवून त्या कागदावरच्या आठ ओळी नीट वाचल्या पाहिजेत. आजच्या मक्तेदारीचा नकाशा त्यात इतका स्पष्ट उमटला आहे की एखाद्या अभ्यासशिबिरातही तो तितका उमटत नाही.

पहिली ओळ प्रोसेसरची. दुकानदार विचारतो, इंटेल की एएमडी? तिसरे नाव घेण्याची सोय नाही. ग्राफिक्स कार्डासाठी नावे तीन : एनव्हिडिया, एएमडी आणि अलीकडे इंटेल. त्यांतही बहुतेक विक्री पहिलीचीच. पण खरी गंमत या नावांच्या पलीकडे आहे. या तिघांच्याही सध्याच्या ग्राफिक्स कार्डांच्या चिप तैवानातील टीएसएमसी या एकाच कंपनीच्या कारखान्यांत घडतात. एएमडीचे प्रोसेसर तिथेच घडतात. इतकेच काय, स्वतःचे कारखाने असलेल्या इंटेलने २०२४ साली बाजारात आणलेल्या मेजावरील संगणकांच्या प्रोसेसरचा मुख्य गणनेचा भागही टीएसएमसीने बनविलेला आहे. आणि अशा अतिसूक्ष्म चिप कोरण्यासाठी लागणारी सर्वांत प्रगत प्रकाशयंत्रे जगात एकच कंपनी बनविते, नेदरलँड्समधील एएसएमएल. ज्याला बाजारपेठेतले निवडीचे स्वातंत्र्य म्हणून गौरविले जाते ते असे आहे : वेष्टने निराळी, भट्टी एकच.

वेष्टनावरची नावे तरी खरी असावीत, ही अपेक्षाही पुरी होत नाही. २०१६ साली एनव्हिडियाने १०६० या क्रमांकाचे कार्ड दोन प्रकारांत विकले, ३ जीबी मेमरीचे आणि ६ जीबी मेमरीचे. साध्या गिऱ्हाइकाला वाटले, फरक मेमरीपुरता. वस्तुतः ३ जीबीच्या कार्डात गणना करणारे घटक १२८० ऐवजी ११५२ होते; नाव मात्र तेच. २०२२ साली याच कंपनीने ४०८० या नावाने दोन कार्डे जाहीर केली आणि त्यांतील १२ जीबीच्या कार्डाची चिपच वेगळी, कमी ताकदीची निघाली. जगभर ओरड झाल्यावर ते नाव विक्रीपूर्वीच मागे घ्यावे लागले. वजनमापाच्या कायद्यात डाळीच्या पुडक्यावर निव्वळ वजन छापण्याची सक्ती आहे. पन्नास हजारांच्या कार्डाच्या खोक्यावर आत नेमके काय आहे ते गिऱ्हाइकाला कळेल असे छापण्याची मागणी करणाराला मात्र तांत्रिक बाबीतले समजत नाही, असे ऐकवले जाते.

मदरबोर्ड निवडताना हुशारी लागते ती सॉकेटची, म्हणजे प्रोसेसर ज्या बैठकीत बसतो तिची. बैठक बदलली की जुना मदरबोर्ड नव्या प्रोसेसरला निकामी. इंटेलने २०१५ पासूनच्या दहा वर्षांत ही बैठक पुनःपुन्हा बदलली. २०१७ साली तर संपर्कबिंदूंची संख्या ११५१ हीच ठेवूनही जुन्या मदरबोर्डांना नवा प्रोसेसर स्वीकारता येऊ नये अशी व्यवस्था झाली. उलट एएमडीची एएम४ ही बैठक दीर्घायुषी ठरली. पण ती कंपनीच्या औदार्याने ठरली असे मानण्याचे कारण नाही. २०२० च्या मे महिन्यात एएमडीनेही जाहीर केले होते की, पुढचे प्रोसेसर जुन्या मदरबोर्डांवर चालणार नाहीत. गिऱ्हाइकांनी एवढा गिल्ला केला की थोड्याच दिवसांत कंपनीला माघार घ्यावी लागली, आणि २०२२ साली अगदी पहिल्या पिढीच्या मदरबोर्डांनाही दार उघडले गेले. २०१७ साली घेतलेल्या मदरबोर्डावर पाच वर्षांनी निघालेला प्रोसेसर बसू लागला. कोणतीही संघटना, झेंडा, वर्गणी नसताना विखुरलेल्या ग्राहकांनी मिळविलेला हा विजय आहे. ग्राहक चळवळीच्या टाचणवहीत त्याची नोंद असायला हवी होती.

उरलेल्या ओळींबद्दल थोडक्यात. पॉवर सप्लायमध्ये काटकसर करू नये. स्वस्तातला सप्लाय जळताना बाकीचे भाग सोबत नेतो. झगमगत्या दिव्यांच्या कॅबिनेटवर पैसे घालविण्यापेक्षा ते कार्डाच्या मेमरीवर घालवावेत. आणि विंडोज विकत घेतलीच पाहिजे असेही आता उरलेले नाही : २०१८ पासून लिनक्सवर विंडोजसाठी लिहिलेले असंख्य खेळ चालविण्याची सोय झाली आहे. काही खेळ फसवणूक रोखण्याच्या निमित्ताने लिनक्सला दार बंद करतात, तेवढे तपासून घ्यावे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार काढून घेतला आणि ज्यांच्या यंत्रांत ठरावीक सुरक्षा-चिप वा पुरेसा नवा प्रोसेसर नाही अशी धडधाकट यंत्रे नव्या आवृत्तीसाठी अपात्र ठरली. त्यांतली बरीचशी यंत्रे आज ना उद्या दिल्लीच्या सीलमपूरसारख्या भंगारवस्तीत पोहोचतील आणि तिथली माणसे हातमोज्यांवाचून ती फोडतील. एखाद्या तरुणाने तसल्या यंत्रावर लिनक्स चढवून ते आणखी चार वर्षे चालविले तर त्याने सामाजिक कार्यच केले, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता मेमरीची ओळ. वरवर पाहता ही सर्वांत क्षुद्र ओळ. कार्डासाठी रात्र रात्र विचार करणारा तरुण मेमरीची पट्टी शेवटी, दुकानदार देईल ती, घेत असे. २०२५ च्या शेवटच्या तीन-चार महिन्यांत त्याच पट्टीची किंमत दुपटीहून पुढे गेली आणि कित्येकांचे कागद पुन्हा खिशात गेले. जगातली दहातील नऊ हिस्से मेमरी तीन कंपन्या बनवितात : दक्षिण कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, अमेरिकेची मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी अमेरिकेतील बड्या कंपन्यांनी उभारायला घेतलेल्या प्रचंड विदाकेंद्रांना मेमरी हवी आहे आणि त्यांची किंमत मोजण्याची तयारी कोणत्याही घरगुती गिऱ्हाइकापेक्षा अधिक आहे. साहजिकच तिघींनी आपली क्षमता तिकडे वळविली. ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने आणखी पुढचे पाऊल टाकले. सामान्य ग्राहकांसाठी तिचे क्रूशिअल नावाचे जे दुकान जवळपास तीस वर्षे चालले होते, ते बंद करण्याचे तिने जाहीर केले. माल फेब्रुवारी २०२६ पर्यंतच पुरविला जाणार असल्याचे तिने तेव्हा सांगितले. कारण तिने लपविले नाही : मोठ्या गिऱ्हाइकांना प्राधान्य द्यायचे आहे.

एनव्हिडियाची कथा याहून निराळी नाही. १९९३ साली स्थापन झालेली ही कंपनी खेळांच्या चित्रांवर मोठी झाली. पोरांनी खाऊचे पैसे साठवून तिची कार्डे घेतली. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात तिच्या सुमारे १३० अब्ज डॉलरच्या महसुलात विदाकेंद्रांचा वाटा ११५ अब्जांचा आणि खेळांचा जेमतेम ११ अब्जांचा होता. ज्यांनी वाढविले ते आता रांगेत शेवटी उभे आहेत.

मागणी वाढली म्हणून भाव वाढला, हा निसर्गनियम आहे, असे अर्थशास्त्राचे प्राध्यापक सांगतील. मेमरीच्या बाबतीत हा नियम किती नैसर्गिक आहे याचा दाखला अमेरिकेच्याच न्यायखात्याने देऊन ठेवला आहे. १९९९ ते २००२ या काळात मेमरी-उत्पादकांनी संगनमताने भाव ठरविल्याचे उघड झाले. इन्फिनिऑनने १६ कोटी डॉलर, हायनिक्सने साडेअठरा कोटी, सॅमसंगने ३० कोटी डॉलर दंड गुन्हा कबूल करून भरला. मायक्रॉनला दंड झाला नाही, कारण ती माफीची साक्षीदार झाली. आजच्या भाववाढीत संगनमत आहे असे म्हणण्यास पुरावा नाही आणि पुराव्यावाचून म्हणूही नये. परंतु तिघांच्याच हाती बाजार असला की संगनमताची गरजही उरत नाही. एकाने मान डोलावली की दुसऱ्याला समजते.

या कंपन्यांपैकी एकीचे भारताशी असलेले नाते मात्र पुरते कागदावर आहे. जून २०२३ मध्ये मायक्रॉनने गुजरातेत साणंद येथे प्रकल्प जाहीर केला. खर्च पावणेतीन अब्ज डॉलर. त्यातला निम्मा भार केंद्र सरकारचा, वीस टक्के गुजरात सरकारचा. कंपनीचा स्वतःचा वाटा जास्तीत जास्त साडेब्याऐंशी कोटी डॉलर. म्हणजे शंभरातले सत्तर रुपये भारतीय जनतेचे आणि मालकी संपूर्णपणे कंपनीची. बरे, तिथे चिप घडणारही नाहीत. बाहेर घडलेल्या चिपची जुळणी आणि चाचणी होणार. या सत्तर टक्क्यांच्या बदल्यात देशातील ग्राहकाला वाजवी दराने काही हिस्सा मिळेल अशी अट कोणी घातल्याचे ऐकिवात नाही. लॅमिंग्टन रोडवरून रिकाम्या हाताने परतणारा तरुण अठरा टक्के वस्तू व सेवा कर भरतो, त्याच करातून साणंदची भिंत उभी राहते, आणि त्या भिंतीआडच्या कंपनीने त्याच्यासाठीचे दुकान बंद केले आहे.

इथे काही साथी १९७७-७८ ची आठवण काढतील. जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना परकीय चलन नियमन कायद्यानुसार आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणण्यास नकार देऊन आयबीएम देशाबाहेर गेली. परदेशात जुनी झालेली यंत्रे डागडुजी करून इथे भाड्याने देण्याचा तिचा धंदा होता, तेव्हा तिच्यासाठी अश्रू ढाळण्याचे कारण नव्हते. तिची यंत्रे सीएमसी या सार्वजनिक कंपनीने सांभाळून दाखविली. पण तेवढ्यावर समाधान मानणे ही आत्मवंचना ठरेल. घालवून देण्याइतकेच उभे करणेही महत्त्वाचे होते आणि ते अर्धवट राहिले. मोहालीचा सरकारी चिप-कारखाना १९८४ साली सुरू झाला, १९८९ च्या आगीत बेचिराख झाला, आणि त्याची फेरउभारणी होऊन तो पुन्हा सुरू व्हायला बरीच वर्षे गेली. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० महासंगणक उभा केला, त्याच्याही आतल्या चिप ब्रिटनमधून आणलेल्या होत्या. १९९७ साली माहिती-तंत्रज्ञान करारावर सही करून भारताने या वस्तूंवरील आयातशुल्क शून्यावर नेण्याचे मान्य केले आणि सुटे भाग बनविण्याचा प्रश्न सुटे भाग आणण्याच्या सोयीत विरघळून गेला.

भाग बनविणाऱ्या हातांचा उल्लेख त्या कागदावर कुठेच नसतो. ह्वांग यू-मी ही कोरियन तरुणी सॅमसंगच्या गिहुंग येथील चिप-कारखान्यात कामाला लागली आणि २००७ साली रक्ताच्या कर्करोगाने वारली. तिचे वडील टॅक्सीचालक होते. नुकसानभरपाईचे पैसे घेऊन गप्प बसण्यास त्यांनी नकार दिला आणि इतर आजारी कामगारांना एकत्र केले. कंपनीने जाहीर क्षमा मागितली ती २०१८ साली, अकरा वर्षांनी. तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरच्या सॅमसंगमध्ये घरगुती उपकरणे बनविणाऱ्या कामगारांना २०२४ साली ३७ दिवस संपावर राहावे लागले, तेही मुख्यतः संघटनेला मान्यता मिळावी एवढ्यासाठी. आता जे नवे चिप-प्रकल्प सार्वजनिक पैशांतून उभे राहत आहेत त्यांच्या फाटकावर संघटनेचा फलक लागू दिला जाणार आहे काय, हे आजच विचारले पाहिजे.

डॉ. लोहियांनी दाम बांधण्याची मागणी केली तेव्हा कारखानी मालाची विक्रीची किंमत उत्पादनखर्चाच्या दीडपटीहून जास्त असू नये, असे सूत्र मांडले होते. परदेशात घडलेल्या चिपला ते सूत्र लावण्याचे सामर्थ्य आज भारत सरकारपाशी नाही, हे मान्य. पण ज्या प्रकल्पात शंभरातले सत्तर रुपये आपले आहेत तिथे अट घालण्याचे सामर्थ्य निश्चित आहे : उत्पादनाचा ठरावीक हिस्सा देशातील किरकोळ बाजारासाठी, शाळा-महाविद्यालयांसाठी राखून ठेवावा, खर्चाचे हिशेब संसदेपुढे यावेत, कामगारांच्या संघटनेला पहिल्या दिवसापासून मान्यता असावी. खोक्यावर चिपचा खरा तपशील छापण्याची सक्ती आणि दुरुस्तीसाठी सुटे भाग किमान दहा वर्षे पुरविण्याचे बंधन, या दोन मागण्यांना तर अनुदानाचीही वाट पाहण्याची गरज नाही. त्या ग्राहक संरक्षणाच्या कक्षेत आणता येतील. अनुदान हप्त्याहप्त्याने, खर्चाच्या प्रमाणात दिले जाते. पुढचे प्रकल्प मंजुरीच्या रांगेत असताना हे प्रश्न लोकसभेत कोणी विचारले नाहीत, तर ते नंतर लॅमिंग्टन रोडच्या गल्ल्यापाशी विचारले जातील, आणि तिथला दुकानदार फक्त आजचा भाव सांगू शकेल.