‘लायसन्स नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको’... मग भरपाई कोण देणार?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. (पेशंटची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) अठ्ठावीस वर्षांचा एक गवंडी मिस्त्री दवाखान्यात आला. उजवा कोपर सुजून टम्म झालेला, हात गळ्यात रुमालाने बांधलेला. "काय झालं?" विचारलं तर म्हणाला, "घरी पायऱ्यांवरून पडलो, सर." सोबत दोन माणसं होती आणि तीच त्याच्यापेक्षा जास्त बोलत होती. मी केसपेपरवर तेच लिहिलं. एक्स-रेमध्ये कोपराच्या सांध्यातच फ्रॅक्चर दिसलं. नांदेडला पाठवलं, ऑपरेशन झालं, प्लेट बसली.

आठ महिन्यांनी तो पुन्हा आला. हात पूर्ण सरळ होत नव्हता, घमेलं उचलवत नव्हतं, गिलाव्याचं काम सुटलं होतं. तेव्हा खरं बाहेर आलं. मोंढ्याकडे चालत जाताना मागून बॅटरीच्या स्कूटरने त्याला उडवलं होतं. चालवणारा अकरावीतला मुलगा. गाडीला नंबर नाही, आवाज नाही, वेग मात्र भरपूर. मुलाच्या घरच्यांनी वीस हजार रुपये हातावर ठेवले आणि सांगितलं, पोलिसात जायचं नाही, आपसात मिटवू. ऑपरेशनचा खर्चच त्याहून जास्त झाला होता.

"सर, केसपेपरवर ‘गाडीने धडक दिली’ असं लिहून द्या ना."

मी लिहून देऊ शकलो नाही. जुन्या नोंदीत फेरफार करणं हा गुन्हा आहे, आणि कोर्टात तो पहिल्या उलटतपासणीत उघडा पडतो. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण पहिल्या दिवशी मीसुद्धा दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.

म्हणून आज औषधांबद्दल न लिहिता या स्कूटरबद्दल लिहितो आहे. मी बॅटरीच्या गाड्यांच्या विरोधात नाही. दम्याचे पेशंट रोज तपासणाऱ्या डॉक्टरला धूर न सोडणारी गाडी नकोशी कशी होईल? माझा राग आहे तो त्या विकल्या जातात त्या पद्धतीवर. "लायसन्स नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको" हे वाक्य दुकानात सवलतीसारखं ऐकवलं जातं. त्याचा खरा अर्थ असा, की या गाडीने कुणाचा हातपाय मोडला तर भरपाई देणारं मागे कुणी उभं नाही.

कायदा नेमकं काय म्हणतो ते बघू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये बॅटरीच्या अगदी हळू गाड्यांना सूट आहे. मोटरची क्षमता २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, आणि मॉडेल पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेने तपासून मंजूर केलेलं असलं, तर ती ‘मोटार वाहन’ धरली जात नाही. म्हणून तिला नंबर, लायसन्स, विमा लागत नाही. सायकलच्या जवळपास चालणाऱ्या यंत्रासाठी ही सूट समजण्यासारखी आहे.

पण आपल्या रस्त्यांवर ताशी २५ ने चालणारी बॅटरी स्कूटर तुम्ही शेवटची कधी पाहिली? गाडी विकताना "स्पीडची वायर काढून देतो" असं सांगणारे आहेत, आणि ते ऐकून खूश होणारे बापही आहेत. हा प्रकार सरकारलाही नवा नाही. मे २०२२ मध्येच राज्याच्या परिवहन आयुक्तांनी अशा बेकायदा बदल केलेल्या ई-बाईकवर कारवाईचे आदेश दिले होते.

वायर काढली की ती गाडी कायद्याच्या नजरेत मोटार वाहन होते, तेही विनानोंदणी आणि विनाविमा. बदल करणाऱ्या मालकाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड आहे. चालवणारा अल्पवयीन असेल तर कलम १९९-अ खाली पालक किंवा मालकच दोषी धरला जातो आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार दंड. आणि जखमी माणसाने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा लावला, तर विमा कंपनी नसल्यामुळे सगळी रक्कम मालकाच्या खिशातून. खिशात नसेल तर घर, शेत, जे असेल त्यातून.

किती रक्कम? लोकांना याचा अंदाजच नसतो, म्हणून वीस हजारांत मिटतं. या मिस्त्रीचाच हिशेब मांडू. महिन्याची कमाई पंधरा हजार धरा, म्हणजे वर्षाचे १,८०,०००. चाळिशीच्या आतल्या, स्वतःच्या हातावर पोट असणाऱ्या माणसाला भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के धरतात (प्रणय सेठी निकाल, २०१७), म्हणजे २,५२,०००. २६ ते ३० वयासाठी गुणक १७ आहे (सरला वर्मा निकाल, २००९). गुणाकार ४२,८४,०००. कमावण्याची क्षमता ३० टक्के गेली असं न्यायाधिकरणाने मानलं, तर १२,८५,२०० रुपये. शिवाय उपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी आणि वेदनेपोटीची रक्कम वेगळी. प्रत्येक दाव्यात हाच आकडा येईल असं नाही, पण वीस हजार कुठे आणि हे कुठे!

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण दवाखान्यात रोज हा गोंधळ होतो. आम्ही डॉक्टर सर्टिफिकेटवर अपंगत्वाची जी टक्केवारी लिहितो ती शरीराची असते. कोर्ट बघतं ते कमाईचं नुकसान. राज कुमार विरुद्ध अजय कुमार (२०११) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे उदाहरणाने सांगितलं आहे: डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळपास पूर्ण जाऊ शकते, कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. म्हणजे तुम्ही काय काम करता आणि ते आता का जमत नाही, हे केसपेपरवर येणं टक्केवारीइतकंच महत्त्वाचं. त्याच निकालात मागेल तशी सढळ सर्टिफिकेटं वाटणाऱ्या डॉक्टरांबद्दलही कोर्ट बोललं आहे, आणि ते आम्हाला लागू पडतं हे मान्य करतो. घरकाम करणाऱ्या बाईला "कमाई नाही" म्हणून कुणी परत पाठवत असेल तर तेही चूक आहे. तिच्या कामाचं मोल धरावंच लागतं, हे २०२१ च्या कीर्ती निकालात स्पष्ट झालं आहे.

आता सूट मिळालेल्या, खरोखर हळू असलेल्या स्कूटरने धडक दिली तर? इथे मला सगळ्यात जास्त चीड येते. ती ‘मोटार वाहन’ नाही, म्हणून न्यायाधिकरणाचा सोपा रस्ता बंद. दिवाणी कोर्टात दावा, त्याची फी आणि वर्षानुवर्षांच्या तारखा. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींना दीड लाख रुपयांपर्यंत, सात दिवस कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना आहे, पण तीही ‘मोटार वाहनामुळे’ झालेल्या अपघातासाठी. सत्तरीतली आजी ताशी २४ च्या धक्क्यानेही पडते आणि तिचं खुब्याचं हाड मोडतं. हाडाला वॅट कळत नाहीत.

यावर उत्तर येतं, "गरीब माणूस गाडी घेतो, त्याच्यावर विम्याचा भुर्दंड कशाला?" भुर्दंड किती? २०२२ च्या सरकारी दरपत्रकात तीन किलोवॅटपर्यंतच्या इलेक्ट्रिक दुचाकीचा थर्ड पार्टी प्रीमियम वर्षाला ४५७ रुपये होता, कर वेगळा. दिवसाला सव्वा रुपया. आणि पायी चालणारा काय श्रीमंत असतो? रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक बॅटरी स्कूटरला, सुटीतल्या सुद्धा, थर्ड पार्टी विमा सक्तीचा करा, ही माझी साधी मागणी आहे.

दुकानदारही हात झटकू शकत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम ८६ सांगतं, की विक्रेत्याने वस्तूत बदल केला आणि इजा होण्यात त्या बदलाचा मोठा वाटा असला, तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणजे वायर काढून दिलेली स्कूटर चालवताना तुमचाच मुलगा पडला, तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. पण तुम्हीच हौसेने वायर काढून घेतली असेल, तर तो प्रश्न तिथे तुम्हालाही विचारला जाईल. गाडी घेताना मॉडेलच्या मंजुरीचं सर्टिफिकेट मागा, आणि मोटरचे वॅट व कमाल वेग पक्क्या बिलावर लिहून घ्या. टाळाटाळ झाली तर दुसरं दुकान बघा.

धडक बसलीच तर आधी उपचार. पोलीस आल्याशिवाय हात लावणार नाही असं डॉक्टरला म्हणता येत नाही, हे १९८९ च्या परमानंद कटारा निकालापासून पक्कं आहे. डोक्याला मार असेल आणि माणूस नीट बोलत असला तरी घरी नेऊ नका. मेंदूभोवतीचा रक्तस्राव काही तास गप्प राहून मग घात करतो. तडजोडीची बैठक दवाखान्याच्या दारात भरवून ते तास घालवू नका.

आणि डॉक्टरला खरं सांगा. अपघाताची नोंद झाली की आम्ही पोलिसांना कळवतो, आणि पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. पायऱ्यांवरून पडल्याचा अहवाल कुणीच कुठे पाठवत नाही. दाव्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. परभणीला जिल्हा न्यायालयात चौकशी करा. वकिलाची फी परवडत नसेल तर तिथेच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे.

माझ्या दवाखान्यात आता हाड मोडलेला पेशंट आला, की सोबतच्या माणसांना मी बाहेर बसवतो, दार लावतो आणि मग पुन्हा विचारतो, "पायऱ्या किती होत्या?" परवा एकजण यावर गप्प बसला. त्याच्या घराला पायऱ्याच नव्हत्या.