डासांचे मजले

चंद्रपूर-गडचिरोलीचे रान आपण खालून पाहतो, म्हणून ते एकसारखे वाटते. पण एकाच मोहाच्या झाडावर मुळापासून शेंड्यापर्यंत वेगवेगळे जीव राहतात, आणि डासही बहुधा आपापल्या मजल्यावर जास्त आढळतात. सूरह अल-बकराच्या २६ व्या आयतीत डासाचे उदाहरण आले आहे. एवढ्या लहान जिवाकडेही नीट पाहावे, हा बोध आपण त्यातून घेऊ शकतो.

डास कोठे राहणार, हे तीन गोष्टींवर ठरते : अंडी घालायला पाणी, अंगाला ओलावा आणि मादीला रक्त. शेंड्याकडे पक्षी आणि माकडे, खाली गुरे आणि माणसे. आफ्रिकेतील युगांडात झिका नावाच्या जंगलात शास्त्रज्ञांनी झाडांच्या शेंड्यांजवळ मचाण बांधून माकड ठेवले होते. त्याच्या रक्तात १९४७ साली एक नवा विषाणू सापडला आणि पुढच्याच वर्षी तो तिथल्या एडिस जातीच्या डासांतही मिळाला. आजार वरच्या मजल्यावर होता. केवळ जमिनीवर शोधून तो हाती लागला नसता.

आपल्या भागात हिवतापाचे डास खालच्या पाण्यावर वाढतात. ॲनोफिलिस क्युलिसिफेसिस ही जात भातशेती, खड्डे आणि साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालते आणि दिवसा गोठ्यात, घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात विसावते. फ्लुव्हिॲटिलिस ही दुसरी जात डोंगरपायथ्याच्या संथ झऱ्यांवर, गवताळ काठाला वाढते. दोन्ही रात्री चावतात. एडिस अल्बोपिक्टस मात्र झाडाच्या ढोलीत आणि तोडलेल्या बांबूच्या खुंटात साचलेल्या पाण्यात वाढतो. त्याच्या अंगावर पांढरे पट्टे असतात, तो दिवसा चावतो आणि डेंग्यू, चिकनगुनिया पसरवू शकतो.

हे जाणून घेण्याचे कारण साधे आहे. मोहफूल, तेंदूपत्ता किंवा बांबूसाठी जंगलात जाणाऱ्यांना दिवसा एक डास गाठतो आणि रात्री दुसरा. रात्री मच्छरदाणी लावली म्हणून दिवसाचे काम संपले असे नाही. जंगलात पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. पिकाच्या राखणीला मचाणावर झोपणाऱ्यांनीही उंचीच्या भरवशावर राहू नये. औषध लावलेली मच्छरदाणी मचाणावरही बांधता येते. शहरात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनाही हेच लागू आहे, कारण डेंग्यूचा एडिस एजिप्ती गच्चीवरच्या उघड्या टाकीतही वाढतो.

रात्री भांडी झाकून ठेवावीत, ही हदीसची शिकवण आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती माठ, रांजण आणि टाकीलाही लावावी. मशिदीतील वुजूचा हौद आठवड्यातून एकदा रिकामा करून घासावा; ते शक्य नसेल तर त्यात गप्पी मासे सोडावेत. अंडी भिंतीला चिकटून राहतात, म्हणून नुसते पाणी बदलून भागत नाही.

आणि ताप आला तर थंडी वाजण्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी आशाताईंकडून किंवा आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. हिवताप निघाला तर ताप उतरल्यावरही गोळ्या पूर्ण घ्या. हिवतापाच्या एका प्रकारात जंतू यकृतात दडून राहतात आणि काही महिन्यांनी पुन्हा उठतात. दवा करणे हीसुद्धा आपली जबाबदारी आहे; दुआ तिच्या सोबतीला असावी.